फुटाला एक सूत

दस्तगीर मेस्त्रींची पट्टी खोटी होती.
पितळेची, कडांना काळी पडलेली.
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा
एक सूत लांब.
उद्यमनगरात पहिल्या दिवशी मी तिनं माझी वही मोजली,
वही लहान भरली.
"ही मोजायची न्हवं, आकसायची पट्टी," मेस्त्री म्हणाले.
"लोखंड थंड होताना अंग चोरतं.
जसंच्या तसं पायजे आसंल
तर जसंच्या तसं करायचं न्हाई."

मग रंधा. सागवानाचे कुरळे पापुद्रे चपलेत जायचे.
त्यांच्या हाताखाली लाकडाचा पंप तयार व्हायचा
जो कधीच पाणी उचलणार नव्हता.
वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा,
आणि त्याच्या जागी
त्याचं नसणं तेवढं ठेवायचं.
कोअरच्या वाळूला काकवी चोळलेली,
त्यामुळं भट्टीच्या दिवशी सगळ्या गल्लीला
करपलेल्या गुऱ्हाळाचा वास.
आत ओतायचा त्यालाही रसच म्हणतात.

पंप मूळचा आमचा नव्हे.
मेस्त्रींच्या उस्तादांनी एका मळ्यात बंद पडलेला
विलायती पंप रातोरात खोलला होता.
नकाशा नाही, चिठोरं नाही.
कागद ठेवून वर पेन्सिल घासली, बोल्टांची भोकं घेतली,
आतल्या वळणात शाडू भरून वळण घेतलं.
फ्लँजच्या खाली, डाव्या अंगाला
एक खळगा. हरभऱ्याएवढा.
तेलासाठी? हवेसाठी?
कुणालाच उलगडेना.
उस्ताद म्हणाले, असू दे,
साहेबानं उगंच केला नसंल.

तर खळगाही उतरला.
बावड्यापासून पार शिरोळपर्यंत
नदीकाठच्या मोटारखोल्यांत तो अजून आहे.
खंडेनवमीला कुंकवाचं बोट
नेमकं त्यातच बसतं.

पुढं राजकोटात कुणीतरी आमचा पंप उतरवला,
खळग्यासकट.
मेस्त्रींनी तो मागवून घेतला, बाकावर ठेवला,
पट्टी लावली आणि हसत सुटले.
साध्या पट्टीनं मापलेला, फुटाला सूतभर बारका.
"चोरी करा की," म्हणाले, "पण हिशेबानं करा."
त्या दिवशी सगळ्यांना मिसळ.

आता माझ्याकडं लाल उजेडाचा स्कॅनर आहे.
चार मिनिटांत पंप पडद्यावर उभा,
हवा तसा फिरवा, हवा तिथं कापा.
आकसायचा हिशेब मशीनच करतं, टक्क्यांत.
परवा त्यानं खळगा पिवळा करून दाखवला
आणि विचारलं,
दोष बुजवू?
माझं बोट 'हो'वर.
चहावर साय धरेपर्यंत तिथंच.

शेवटी मेस्त्रींना फोन लावला.
ते दवाखान्यात होते, आवाज वाळूतून आल्यासारखा.
सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,
"मशीनला इचार की,
कुणाच्या हातनं छिन्नी घसरलीया ती."
"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"
"उस्तादास्नी बी ठावं आसंल."
मग नुसता खोकला,
मग नर्सनं फोन ठेवला.

बुजवला नाही.

ऊसतोडी सुरू झाल्या त्या आठवड्यात मेस्त्री गेले.
मी बाहेरच्या रस्त्यावर थांबले होते,
ट्रॅक्टर जात होते, मागून पोरं ऊस ओढत पळत होती.
चाळिसाव्यानंतर अल्ताफ वर्कशॉपला आला.
म्हणाला, खणणाऱ्यानं माप मागितलं,
घाईत बाकावरची हाताला लागेल ती पट्टी नेली होती मी.
आता लक्षात येतंय.
अब्बा साडेपाच फूट,
साडेपाच सूत जागा जादा गेली.

पट्टी त्यानं माझ्यापुढं ठेवली.
तिच्या खाचेत थोडी लाल माती होती.

मी म्हटलं, असू दे.